फेरीबोटीच्या फाळक्यावरच गाडी रुसते, तीन कोड येतात. ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) खरंच गेलाय का?

नारळीपोफळी (हेदवी) · १९ मे, रात्री ९:४०

मंडळी, नमस्कार. इतकी वर्षं नुसता वाचत होतो, आज गळ्याशी आलं म्हणून लिहितोय.

गाडी २०१४ ची, पेट्रोल, चार सिलिंडर, ९१ हजार किलोमीटर झालेत. कंपनीचं नाव मुद्दामच लिहीत नाही, नाहीतर धागा कुठली गाडी चांगली यावर घसरेल आणि माझं राहील बाजूला.

त्रास असा: चालता चालता इंजिनाचा पिवळा दिवा लागतो, पिकअप जातो, पाय कितीही दाबा, गाडी बैलगाडीच्या चालीने. कधी थरथरून बंदच पडते. पाच मिनिटं थांबून किल्ली फिरवली की बहुतेक वेळा सुरळीत, दिवा मात्र तसाच. कामासाठी आठवड्यातून दोनदा तवसाळहून फेरीबोटीने जयगडला आणि तिथून रत्नागिरीला जातो. आत्तापर्यंत सहा वेळा रुसली, त्यातली चार वेळा बोटीत चढता-उतरताना, फाळक्यावर म्हणजे चढ-उताराच्या फळीवर. मागच्या गाड्यांचे हॉर्न, बोटीवाल्याच्या शिट्ट्या आणि मी मध्ये अडकलेला. लाज जाते हो.

तालुक्याच्या एका गॅरेजात स्कॅनर लावला. कोड तीन: पी०१२२, पी०१०७, पी०५३२. पहिला थ्रॉटलचा (इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेचा) म्हणून थ्रॉटल बॉडी बदलली, साडेआठ हजार गेले. चार दिवस बरी, पाचव्या दिवशी पुन्हा तेच. आता ते म्हणतात, “तीन-तीन सेन्सर एकदम मरत नाहीत, म्हणजे ईसीयूच गेला.” नवा ३२,०००, भंगारातला ९,०००.

पैसे घालायच्या आधी तुमचं मत हवंय.

कुडाळचो_झिल · १९ मे, रात्री १०:०५

अरे बाबा, बॅटरीचो निगेटिव्ह काढून अर्धो तास ठेय. माझ्या गाडयेचो लाईट असोच गेलो. फुकटात काम.

वायरमन_चिपळूण · १९ मे, रात्री १०:३१

बॅटरी अजिबात काढू नका! पंचनामा व्हायच्या आधी अंगण सारवून टाकल्यासारखं होईल ते. कोड आला त्या क्षणी गाडीचा वेग किती, इंजिनाचे फेरे किती, पाणी किती गरम, याची एक नोंद ईसीयू ठेवतो. फ्रीझ फ्रेम म्हणतात तिला. कोड पुसला की ती गेली. दिवा विझला म्हणजे रोग गेला असं नाही, झिला.

नारळीपोफळी, तुमच्या गॅरेजवाल्याच्या वाक्याचा पहिला अर्धा भाग सोन्यासारखा आहे. तीन सेन्सर एकदम मरत नाहीत. पण म्हणून ईसीयू मेला, ही उडी झाली. तिघांचं सामायिक काय आहे ते आधी बघायचं. एका घरात तिघांना एकदम जुलाब झाले तर आपण तिघांची पोटं कापत नाही, विहिरीचं पाणी बघतो.

तीन गोष्टी सांगा. फ्रीझ फ्रेम काय म्हणते? ईसीयूने स्वतःबद्दल काही कोड दिलाय का, पी०६०६ सारखा? आणि तिन्ही कोड एकाच वेळी आले की वेगवेगळ्या दिवशी?

भंगारातला ईसीयू तर घेऊच नका. आजकालच्या बहुतेक गाड्यांत किल्लीची खूण ईसीयूत नोंदलेली असते. दुसऱ्याच्या गाडीतला आणून बसवला की तो तुमच्या किल्लीला ओळखत नाही, गाडी चालूच होत नाही. मग जुळवून घ्यायचे पैसे वेगळे.

पाचवा_गिअर (रत्नागिरी) · १९ मे, रात्री ११:१२

नवीन वाचणाऱ्यांसाठी थोडी बाराखडी, कारण कोड नुसता ऐकून लोक घाबरतात.

पी म्हणजे इंजिन-गिअरकडचा. त्यानंतर शून्य असेल तर कोड सगळ्या कंपन्यांना सारखा, एक असेल तर त्या कंपनीचा खासगी. पुढचा आकडा खातं सांगतो: एक म्हणजे हवा आणि इंधनाचं मोजमाप, तीन म्हणजे ठिणगी आणि मिसफायर, पाच म्हणजे वेग, आयडलिंग वगैरे. अमेरिकेत १९९६ पासून सगळ्या नव्या मोटारींना ही पद्धत सक्तीची झाली. आपल्याकडे ओबीडी २ आलं २०१३ पासून, म्हणजे तुमच्या २०१४ च्या गाडीला स्टिअरिंगखालचा सोळा पिनांचा सॉकेट आहेच.

आता तुमचे तीन. पी०१२२ : थ्रॉटल सेन्सरचा सिग्नल कमी. पी०१०७ : इनटेक मॅनिफोल्डमधला (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमधला) दाब मोजणाऱ्या मॅप सेन्सरचा सिग्नल कमी. पी०५३२ : एसीच्या गॅसचा दाब मोजणाऱ्या सेन्सरचा सिग्नल कमी. तिन्हीकडे “कमी”. हे मला नुसता योगायोग वाटत नाही.

आणि कोड कधीच “हा पार्ट बदला” असं सांगत नाही. तो फक्त गल्ली दाखवतो, घर आपण शोधायचं.

कुडाळचो_झिल · १९ मे, रात्री ११:२०

गुरुजी इले. पाटी-पेन्सिल काढा.

नारळीपोफळी · २१ मे, रात्री ८:५५

मित्राचा ब्लूटूथवाला छोटा स्कॅनर आणला, मोबाइलवर वाचतो तो. फ्रीझ फ्रेम मिळाली, पण एकाच कोडची, पी०१२२ ची. वेग ९ किमी, फेरे १,३५०, पाणी ८४ अंश. म्हणजे फाळक्यावरच. ईसीयूचा स्वतःचा कोड नाही. कोड पुसून एकदा गाडी फिरवली, काही आलं नाही. काल रात्री आमच्या पाखाडीकडे वळताना जो खड्डा आहे तिथे आपटली आणि तिन्ही एकदम हजर.

वायरमन_चिपळूण · २१ मे, रात्री ९:१०

वेग ९ आणि खड्डा. म्हणजे हलल्यावर होतंय. ईसीयूतलं बिघडलेलं सर्किट बहुतेक वेळा तापल्यावर नखरे करतं. खड्ड्याशी दोस्ती असते ती वायरची, कपलरची (वायरी जोडायच्या प्लगची), अर्थची (वीज बॅटरीकडे परत नेणाऱ्या जोडणीची).

बोटीवरचा (जयगड) · २१ मे, रात्री १०:४२

मी गाड्यांचा माणूस नाही, मच्छीमारी बोटींच्या इंजिनांचा आहे. आमच्याकडे शंभरातले नव्वद इलेक्ट्रिकचे लोच्ये मीठच करतं. म्हणून बोटीला कथिलाचा मुलामा दिलेली तांब्याची वायर घालतात. गाडीत साधं तांबं. एकदा त्याला खारं पाणी लागलं की वातीसारखं इन्सुलेशनच्या आतून वर चढतं, वरून वायर नवीकोरी आणि आत हिरवी माती.

एकच विचारतो, रागावू नका. गाडी कधी वाळूत घातली होती का?

नारळीपोफळी · २१ मे, रात्री १०:५०

…हो.

लपवत नव्हतो, कुणी विचारलंच नाही. मे महिन्याच्या सुट्टीला मुंबईहून मामेभाऊ आला होता. मी आंब्याच्या पेट्या बांधत होतो, हा किल्ली घेऊन पोरांना वेळणेश्वरला घेऊन गेला. रीळ काढायचं होतं म्हणे, लाटेच्या कडेने गाडी पळवण्याचं. भरती होती. पुढची चाकं रुतली, बंपरपर्यंत पाणी. शेवटी एका ट्रॅक्टरने पुढून दोरी लावून ओढली. घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुतली, दोन दिवस उन्हात ठेवली. त्रास सुरू झाला त्यानंतर साधारण आठवड्याने.

कुडाळचो_झिल · २१ मे, रात्री १०:५३

रीळ खय आसा? आमका पण दाखव.

पाचवा_गिअर · २१ मे, रात्री ११:०४

झालं, उकललं. खारं पाणी कुठल्यातरी कपलरात किंवा अर्थच्या बोल्टवर बसलंय.

वायरमन_चिपळूण · २२ मे, सकाळी ७:१५

उकललं वगैरे इतक्यात म्हणू नका. मोजा.

साधा मल्टिमीटर घ्या, डीसी २० व्होल्टवर. लाल टोक इंजिनाच्या उघड्या धातूला, काळं थेट बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला. खांबालाच, वरच्या क्लॅम्पला नाही. कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. त्या दोन-तीन सेकंदांत आकडा ०.२ च्या वर जाता कामा नये. गेला तर तेवढी वीज परतीच्या वाटेवर अडकतेय. ओहमवर मोजू नका, त्यात सडकी वायरही पास होते. एक तार शिल्लक असली तरी मीटर “ठीक” म्हणतो, पण स्टार्टरचा करंट त्या एका तारेतून जात नाही.

आणि मीटरचं टोक वायरीत खुपसून इन्सुलेशनला भोक पाडू नका. घाटावर चालून जातं. इथे एका पावसाळ्यात त्या भोकातून पाणी शिरतं आणि पुढच्या वर्षी तुम्ही तोच धागा परत काढता. कपलरच्या मागच्या बाजूने, वायरीशेजारून, बारीक टाचणी सरकवा आणि तिला टोक लावा.

नारळीपोफळी · २३ मे, दुपारी १:३०

मोजलं. ०.७! बॅटरीखालचा अर्थचा बोल्ट काढला तर खाली पांढरं-हिरवं पीठ. पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत केला, लग (वायरीच्या टोकाचा धातूचा कान) नवा लावला, वरून ग्रीस. आता ०.०८. स्टार्टरचा आवाजसुद्धा बदललाय, आधी कण्हत होता, आता टण्ण.

वायरमनदादा, तुमचे पाय कुठे आहेत? ३२ हजार वाचले. धागा बंद करायला हरकत नाही.

अबोली_देवगड · २३ मे, दुपारी ३:१८

अभिनंदन, पण एक खटकतंय. अर्थ खराब असेल तर खड्ड्यातच का? आणि थ्रॉटल, मॅप आणि एसी, नेमके हे तीनच का? अर्थ सगळ्यांचाच असतो की.

नारळीपोफळी · २७ मे, रात्री ९:२२

अबोलीताई, तुमची जीभ काळी आहे.

आज सकाळी जयगडला उतरताना फाळक्यावर पुन्हा. तेच तीन. बोटीवाला आता मला नावाने ओळखतो.

अर्थ परत मोजला, ०.०८ च आहे. काही सुचत नाही. गॅरेजवाल्याला फोन केला तर “मी म्हटलं होतं ना.”

अबोली_देवगड · २७ मे, रात्री ९:४१

वाईट वाटलं, पण एक सांगा. गाडी रुसते तेव्हा एसीचं काय होतं? आमच्याकडे आंब्याची पिकअप आहे, मीच चालवते. तिचा एसी दोन वर्षांपूर्वी असाच मधेच गरम हवा फेकायचा. गॅस दोनदा भरला, तिसऱ्यांदा कळलं की वायर होती. तुमच्या गॅरेजवाल्याने तिसऱ्या कोडचं काय केलं?

नारळीपोफळी · २७ मे, रात्री ९:५०

तो म्हणाला, “ते एसीचं आहे, त्याचा इंजिनाशी काय संबंध?”

आता आठवतंय. गाडी रुसायच्या आधी एक-दोन सेकंद गार हवा बंद होते. मला वाटायचं गॅस कमी झालाय.

वायरमन_चिपळूण · २७ मे, रात्री १०:२०

अबोलीताई, हॅट्स ऑफ. मी तिसऱ्या कोडाकडे बघूनही न बघितल्यासारखं केलं, माझी चूक.

आता नीट ऐका. हे तीन सेन्सर बॅटरीच्या बारा व्होल्टवर चालत नाहीत. ईसीयू बारातून अचूक पाच व्होल्ट बनवतो आणि सेन्सरांना वाटतो. तुमच्या गाडीत या तिघांना हे पाच व्होल्ट बहुधा एकाच फांदीवरून जातात. प्रत्येकाला तीन वायरी: पाच व्होल्ट, सेन्सरचा अर्थ आणि सिग्नल. आता ही पाच व्होल्टची वायर कुठेही पत्र्याला टेकली की सगळ्या फांदीचे पाच व्होल्ट झोपतात. तिन्ही सेन्सर एकदम शून्याकडे. म्हणून तिन्हीकडे “कमी”. उलट सेन्सरचा अर्थ तुटला असता तर तिन्हीकडे “जास्त” आले असते. गिअरभाऊंनी पहिल्या दिवशीच “कमी” ठळक केलं होतं, आपणच वाळूत रुतलो.

एसीचा दाबाचा सेन्सर असतो सगळ्यात पुढे, कंडेन्सरपाशी (रेडिएटरपुढच्या एसीच्या जाळीपाशी). म्हणजे समुद्राच्या तोंडाशी. तिथली वायर पत्र्याला टेकली तर इंजिनाचा श्वास जातो. संबंध हा असा असतो.

करायचं असं. इंजिन गार असताना, चालू न करता, किल्ली फक्त ऑन. हात आणि बाह्या पंख्यापासून लांब, तो कधी आपोआप फिरेल सांगता येत नाही. मॅप सेन्सरचा कपलर काढा, त्याच्या तीन पिनांपैकी एकीवर ५ च्या आसपास दिसेल. मीटर तिथेच लावून ठेवा. मग एसी सेन्सरपासून मागे ईसीयूपर्यंत वायरिंगचा गठ्ठा हाताने हलवत, वाकवत या. आकडा पडला की थांबा, आणि मग एसी सेन्सरचा कपलर काढा. पाच परत आले तर सेन्सर आतून शॉर्ट. नाही आले तर वायर.

बारा व्होल्टचा टेस्ट लॅम्प या वायरीला चुकूनही लावू नका. तो जेवढा करंट ओढतो तेवढा द्यायची या फांदीची ताकद नाही.

नारळीपोफळी · २९ मे, दुपारी १२:०५

सविस्तर लिहितो, कारण दोन दिवस डोक्यात दुसरं काहीच नव्हतं.

काल किल्ली ऑन करून पाहिलं तर ५.०१. स्थिर, हलायला तयार नाही. बॉनेटखाली मी एकटा, डोळे मीटरवर ठेवू की हात वायरीत घालू कळेना. आईला स्टूल दिलं, मीटर हातात दिला आणि सांगितलं, आकडा बदलला की ओरड. आई हातात अर्धवट सोललेला फणस घेऊनच बसली.

मी पुढच्या जाळीमागे हात घातला, वायरिंगचा गठ्ठा धरला, हळूहळू हलवत चाललो. आई जपमाळ ओढल्यासारखी: “पाच… पाच… पाच…” रेडिएटरच्या उजव्या कोपऱ्यात, हेडलाइटच्या मागे, गठ्ठा खाली दाबला आणि आई ओरडली, “अरे, शून्य पॉइंट तीन! मोडलास की काय?”

सोडला, पाच. दाबला, ०.३. सोडला, पाच. खरं सांगतो, मुंबईला पहिली नोकरी लागली तेव्हासुद्धा इतका आनंद झाला नव्हता.

दाबून धरला आणि एसी सेन्सरचा कपलर काढला. तरी ०.३. म्हणजे सेन्सर निर्दोष, वायर.

बंपर उतरवला. गठ्ठ्याला पत्र्यावर धरून ठेवणारी प्लास्टिकची क्लिप मोडलेली. गठ्ठा दोन बोटं खाली लोंबून पत्र्याच्या धारेवर घासत होता. काळी नालीदार स्लीव्ह कापली गेलेली, आत एका वायरीचं इन्सुलेशन तांदळाच्या दाण्याएवढं सोललेलं आणि त्यातून हिरवंगार तांबं डोकावतंय. गाडीचं नाक खाली गेलं की गठ्ठा धारेवर टेकायचा. फाळक्यावर नाक खालीच जातं ना!

आणि त्या क्लिपच्या बरोब्बर खाली, टो हुकाशेजारी (गाडी ओढायच्या हुकाशेजारी), पत्र्यावर दोरीचा घासल्याचा पट्टा.

बोटीवरचा · २९ मे, दुपारी १२:३०

म्हणजे मिठाने नाही, दोरीने मारलं. मी माझे शब्द अर्धे परत घेतो. हिरवं तांबं मात्र आमचंच.

पाचवा_गिअर · २९ मे, दुपारी १२:४४

आणि थ्रॉटल बॉडी बदलल्यावर चार दिवस का बरी होती? बहुतेक बॅटरी काढल्यामुळे कोड पुसले गेले आणि त्या चार दिवसांत तुम्ही बोटीत चढला नाहीत. बरोबर?

नारळीपोफळी · २९ मे, दुपारी १२:५१

बरोबर! शुक्रवारी बदलली, मंगळवारी बोटीत चढलो.

वायरमनदादा, आता जोडायची कशी? गॅरेजवाला म्हणतो पीळ मारून चिकटपट्टी गुंडाळतो.

वायरमन_चिपळूण · २९ मे, दुपारी २:१०

पीळ आणि पट्टी म्हणजे श्रावणापर्यंतची सोय. दमट हवेत पट्टीचा गोंद पातळ होऊन सुटतो, आत पाणी साचतं.

हिरवा भाग कापून टाका. चकचकीत लाल तांबं दिसेपर्यंत मागे जा, हिरव्यावर सोल्डर बसतच नाही. दोन्हीकडे मिळून वायर तोकडी पडेल, म्हणून मधे त्याच जाडीचा नवा तुकडा घाला. हीट श्रिंक नळी (तापवली की आवळणारी) आधी वायरीत ओवून ठेवा (मी बावीस वर्षांत किती वेळा विसरलोय ते विचारू नका). आतून गोंद असलेलीच नळी घ्या, तापवल्यावर दोन्ही टोकांतून गोंदाचा थेंब बाहेर आला पाहिजे. मग नवी स्लीव्ह, नवी क्लिप, आणि धारेवर रबराची पट्टी. एसीच्या कपलरात डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणारं) ग्रीस. खोबरेल नको, आमच्याकडे एकाने घातलं होतं, उंदरांनी कपलरासकट खाल्लं.

ईसीयूची काळजी सोडा. पाच व्होल्टच्या फांदीला शॉर्ट सोसायची सोय बहुधा असते. वायर सोडली की पाच परत येत होते, म्हणजे तो धडधाकट आहे.

कुडाळचो_झिल · २९ मे, दुपारी २:२५

आईक बक्षीस देवा मरे. सगळ्यात मोठो मेस्त्री तोच.

अबोली_देवगड · २९ मे, दुपारी २:४०

ती, रे. “तोच” काय!

कुडाळचो_झिल · २९ मे, दुपारी २:४१

चुकलंय.

नारळीपोफळी · ७ जून, रात्री ८:१२

जोडणी माझ्याच हातची, सोल्डरिंग आयर्न शेजारच्या टीव्हीवाल्याकडून उसना. साहित्याचे एकशे ऐंशी रुपये झाले. त्यानंतर तीन वेळा बोटीतून जाऊन आलो, एकदा तर पाऊस कोसळत असताना. मुद्दाम फाळक्यावर जरा जोरात घातली. दिवा नाही, कोड नाही, एसी गारठवतो.

गॅरेजवाल्याला जाऊन कापलेली वायर दाखवली. त्याने बराच वेळ बोटात फिरवून पाहिली आणि म्हणाला, “ठेवून जा, पोरांना दाखवतो.” माणूस वाईट नाही. जुनी थ्रॉटल बॉडी त्याने परत दिली, ती माळ्यावर सुपाऱ्यांच्या पोत्याशेजारी आहे. कुणाला हवी असेल तर सांगा, निर्दोष आहे बिचारी.

मामेभावाला साडेआठ हजारांचा हिशोब पाठवलाय. त्याचं म्हणणं, दोरी ट्रॅक्टरवाल्याने बांधली होती.